उसना धीर

सातपूर, नाशिक
१२ नोव्हेंबर

ती. उज्ज्वला आत्यास,
निकिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. गाडी चुकेल म्हणून तू निकालाआधीच इगतपुरीला निघालीस. माझी राज्याच्या पिस्तूल संघात निवड झाली. चौघींत मी शेवटची. पंचवटीची साधना एका गुणाने मागे राहिली.

एक विचारायचं आहे. स्पर्धेत नेम धरला की माझ्या छातीतला ठोका मनगटात उतरतो आणि पिस्तुलाच्या टोकावरची नेम जुळवायची माशी नाचायला लागते. या वेळी ती हलली नाही. सर म्हणतात, श्वासाचा सराव फळाला आला. त्या सकाळी मी स्पर्धेला निघताना दही-साखरेबरोबर पित्तावरची म्हणून तू गोळी दिलीस, ती कुठली? कापलेल्या पट्टीवर नाव नव्हतं. सहज विचारतेय. बाबा चिडवतात, की कारखान्यात तपासणीवर ही मापात न बसणारा एकही नग पुढे सोडत नाही आणि घरात आत्या देईल ते गिळते.

काकांना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
निकिता

इगतपुरी
१७ नोव्हेंबर

चि. निकितास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

आळीभर जिलेबी वाटली. तुझे काका म्हणतात, आता पोरीशी जपून बोलायला हवं, तिचा नेम चुकत नाही.

गोळी पित्ताची नव्हती गं. माझ्या धडधडीची होती. त्या सकाळी तुझ्या हातात कपबशी वाजत होती, मला बघवेना. मला घेतली की लय बरं वाटतं, म्हटलं लेकरालाही वाटेल. खरं सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस, हट्टी आहेस. नाव या पत्रामागे काकांकडून लिहून घेतलंय. माझं काही चुकलं का? तू 'सहज' लिहिलंस तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

भात कापून झाला. जेवणाची आबाळ करू नको, आणि आत्यावर रुसू नको.

तुझी,
आत्या

सातपूर, नाशिक
२६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नेमबाजीत या औषधाला बंदी आहे. ते ठोका मंद करतं, हात स्थिर राहतो. मी संघटनेला लेखी कळवलं. तुझं नाव घातलं नाही. घरातली गोळी न तपासता घेतली, एवढंच लिहिलं. माझा निकाल रद्द झाला. साधना संघात गेली. माझ्यावर बंदी किती काळ, ते ठरायचं आहे. सर चिडले. म्हणाले, औषधाची तपासणी झालीच नव्हती, कुणाला कळलं असतं?

तू स्वतःला बोल लावत असशील. आधी हे वाच. दहा-दहा नेमांच्या दुसऱ्या फेरीतच मला कळलं होतं की हा शांतपणा माझा नाही. श्वासाच्या सरावाने ठोका इतका उतरत नाही, हे मला माहीत आहे. पिस्तूल खाली ठेवून पंचांना सांगता आलं असतं. मी पुढचा छर्रा भरला. तुला पहिलं पत्र लिहिलं, तेव्हा तू एखाद्या पित्ताच्याच गोळीचं नाव कळवावंस, अशी माझी इच्छा होती.

काल साधना घरी आली. आईसमोर माझ्या पाया पडली. म्हणाली, ताई, तुझ्या जागी मी असते तर गप्प बसले असते. आईचे डोळे भरून आले. मी साधनाला चहा दिला, तिच्या मनगटाच्या पकडीतली एक चूक दाखवली आणि कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. दुसऱ्या फेरीतच मला कळलं होतं, हे तिला सांगितलं नाही.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी,
निकिता