थांबण्याचा शब्द

१७ मार्च

पोचले एकदाची सांगवळला! नांदेडहून नरसीमार्गे एसटी, बिलोलीपासून जीप आणि शेवटचा कच्चा रस्ता दयानंद सरांच्या मोटारसायकलवर. गावभर हळद शिजते आहे. केसांत, कपड्यांत, पाण्याच्या बाटलीतसुद्धा तोच वास.

दयानंद सर इथल्या शाळेत शिकवतात. विनोद सांगण्याआधीच हसायला लागतात. 'मंजुश्री मॅडम, इटली शोधायला तुम्ही सांगवळला आलाव म्हणल्यावर पोरं नकाशा उलटा धरून बघून राहिलेत.' मीही हसले. माझी फेलोशिप मंजूर करणाऱ्या समितीलाही हेच हसू आलं होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपातल्या फॅसिस्टांची कवायत, त्यांचे सदरे, त्यांचा सलाम दूरदूरच्या देशांत कसा पोचला, हा माझा विषय. पहिलं वर्ष रोमच्या दफ्तरखान्यात गेलं. तिथे एका शिबिराच्या फोटोत फेटा बांधलेला एक माणूस दिसला आणि त्याचा माग काढत मी इथे आले.

राहायची सोय सिद्धम्मांकडे. साठीच्या आहेत, कपाळावर विभूती, आवाज खणखणीत. त्यांचे सासरे गुरुपादप्पा शंभरीला टेकलेत. त्या फोटोतल्या माणसाने निजामाच्या काळात इथे 'वज्रदल' नावाचं कवायतीचं पथक काढलं, त्यातले हे शेवटचे हयात. गेली कित्येक वर्षं खाटेवरून उठलेले नाहीत.

ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. आता झोप.

१९ मार्च

आज गुरुपादप्पा बोलले. अख्खी सकाळ बोलले! सिद्धम्मांनी दारात बसून शेंगा फोडता फोडता ऐकलं. त्यांनीही हे कधी ऐकलं नव्हतं.

फोटोतल्या माणसाला गाव कप्तान म्हणायचं. इटलीहून आला तो राखी सदरे आणि परदेशी हुकूम घेऊन. 'अवंती' म्हटलं की ओळीने पुढे चालायचं. लोकांना ते देवीचं नाव वाटायचं. मला मात्र ऐकताच अंगावर काटा आला, कारण हा 'आवान्ती' आहे, इटालियन, पुढे चला! एक शब्द समुद्र ओलांडून येतो आणि हळदीच्या शेतात देवी होतो. प्रबंधाचं एक प्रकरण इथेच उभं राहिलं.

ओळ थांबवायला काय म्हणायचे, असं मी विचारलं. ते म्हणाले, तो शब्द फक्त कप्तानाच्या तोंडी होता, आम्हाला दिला न्हाई. कप्तान गेला, शब्द गेला.

मग संगप्पा मास्तरांची गोष्ट सांगितली. मास्तर कवायतीच्या विरुद्ध होते, म्हणून एकदा मैदानात ओळीसमोर आडवे उभे राहिले. पुढे काय झालं विचारलं तर गुरुपादप्पांच्या चेहऱ्यावर लग्नाची आठवण सांगावी तसा आनंद. 'मास्तर मधी आला. ओळ काय थांबती का?'

सिद्धम्मांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

२० मार्च

रेकॉर्डिंगसाठी मी गुरुपादप्पांना हुकूम खरोखर देऊन दाखवा म्हणाले. नुसता आवाज हवा होता.

ते उठून उभे राहिले. काठी नाही, आधार नाही. छाती काढून त्यांनी 'अवंती!' म्हटलं आणि माझा डावा पाय पुढे पडला. सिद्धम्मांचाही, पिठाच्या हातांनिशी. आम्ही अंगणाच्या भिंतीपर्यंत गेलो, मग दोघीही खूप हसलो. दचकल्यामुळे होतं असं, मी म्हणाले.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, कारण प्रबंधात लिहिता येणार नाही. त्या आठ-दहा पावलांत डोकं अगदी शांत होतं. आईचं आजारपण, समितीचे प्रश्न, तिशी उलटली तरी काहीच नक्की नाही ही रोजची टोचणी, काही काही नव्हतं.

२३ मार्च

गुरुपादप्पा आता रोज दुपारी चालत मैदानावर जातात. गावाला कौतुक. आधी पोरं मागे लागली, मग पारावरची माणसं, आज बायकाही होत्या. ऊन मावळलं की ते थकून खाली बसतात आणि लोक डोळे चोळत घरी जातात.

सिद्धम्मांना मी जाऊ नका म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. 'पायाला लई बरं वाटतं गं माय. नवरा गेल्यापासून डोस्कं इतकं गप कधी झालं न्हाई.'

मला ठाऊक आहे ते काय असतं.

मी लांबूनच पाहते. पण बाकाखाली माझे पाय ताल धरतात.

२५ मार्च

दयानंद सर दुपारी आले. शर्टाला रक्त होतं, त्यांचं नव्हे. सकाळी प्रार्थना संपली, पोरांना वर्गात जायला सांगितलं. कुणीतरी ओळीतून 'अवंती' म्हणालं. ओळ सरळ भिंतीवर गेली आणि थांबली नाही. पोरं भिंतीला कपाळं लावून जागच्या जागी चालत राहिली. सरांनी एकेकाला उचलून दूर नेलं, खाली ठेवलं की पाय पुन्हा सुरू. शेवटी पोरं दमून पडली.

हे सांगताना ते एकदाही हसले नाहीत.

त्यांनी मला रेकॉर्डिंग पुसायला सांगितलं. मी पुसलं, त्यांच्या देखत, फोनमधलंही. रस्त्यावरून लोक मैदानाकडे निघाले होते, सगळ्यांचा डावा पाय एकदम पडत होता. पुसल्याने काहीच झालं नव्हतं.

उद्या सकाळी ते मला बिलोलीला सोडणार. तिथे तहसीलदारांना सांगू.

२६ मार्च

नीट लिहायला हवं. कुणीतरी नीट लिहायला हवं.

आज ओळ सकाळीच निघालेली, गावाबाहेरच्या नाल्याजवळ रस्त्यावर आडवी आली. सरांनी गाडी थांबवली. मला म्हणाले, बसून राहा. ते पुढे गेले, हात पसरून उभे राहिले आणि नावं घेऊन बोलायला लागले. बजरंगभाऊ, तुमचा पोरगा माझ्या वर्गात हाय. सिंधुताई, काल तुम्हीच रडत आला होता ना शाळेत? ऐका. माझं ऐका की जरा.

नावं घेतल्यावर माणसं थांबतात अशी त्यांची खात्री होती.

मला त्यांचा चेहरा दिसला. आधी समजावणारा. मग गोंधळलेला. मग

मी गाडीवर बसले होते. त्यांची पाठ दिसायला हवी होती मला.

मी ओळीत होते. सिद्धम्मांच्या शेजारी. कधी उतरले, आठवत नाही. माझ्या पायाखाली काहीतरी मऊ आलं आणि डोकं तेव्हाही शांत होतं. शांत होतं.

गुरुपादप्पा पुढे अडखळून पडले. ओळ त्यांच्यावरूनही गेली. आता हुकूम सगळ्यांच्याच तोंडून येतो.

शेताच्या बांधावर आपटले तेव्हा शुद्ध आली. गुडघा फुटलाय. धावत खोलीत आले. सर तिथेच आहेत, नाल्याजवळ. त्यांच्या अंगावर चादरसुद्धा टाकली नाही मी.

२७ मार्च

ओढणीने पाय खाटेला बांधलेत. कानात कापूस कोंबलाय. तरी जमिनीतून येतं ते.

पोलिसांना फोन केला. बिलोलीहून दोघे जीप घेऊन आले. मी खिडकीतून ओरडले, उतरू नका, परत जा! त्यांनी माझ्याकडे पाहून हात हलवला. उतरले. थोडं ऐकलं. टोप्या सरळ केल्या आणि शेवटच्या रांगेत गेले.

आता कुणाला बोलावणार नाही. जो येईल तो—

आईचा फोन आला. सगळं ठीक आहे म्हणाले. जेवलीस का विचारलं तिने. हो म्हणाले.

आता ओळ संध्याकाळी मोडत नाही. हुकूम द्यायला कुणी एक नाही, म्हणून थकून बसायलाही कुणी नाही. मैदानाला फेऱ्या चालू आहेत. पोरांच्या पायांतून रक्त येतंय. सिद्धम्मांची एक चप्पल कुठेतरी गळून पडलीय.

२८ मार्च

सकाळी पाय सोडले. मैदानाच्या कडेला कडुनिंबाचं खोड धरून ओरडले. थांबा. रुको. आगंडी. ठैरो. मराठी, हिंदी, तेलुगू, दखनी, येतं ते सगळं. कुणी ऐकलं नाही. माझाच पाय सुटायला लागला.

मग सुचलं. मूर्ख. मूर्ख बाई, वर्षभर रोमला काय करत होतीस? कप्तानाचे हुकूम इटालियन होते. थांबण्याचाही तिथलाच असणार.

'आल्ट!'

थांबले.

सगळे. एका पावलात. धूळसुद्धा थांबल्यासारखी वाटली. मी तिथेच बसून रडले. दयानंद सर, दोन दिवस आधी. फक्त दोन दिवस आधी सुचलं असतं तर.

त्याच दिवशी, दुपार

ते हलत नाहीत.

जा म्हणाले, घरी जा, मोडा ओळ. इटालियनमध्ये ओळ मोडायचा हुकूम आहे, तोही दिला. शक्य तितक्या उच्चारांनी दिला. कप्तानाने तो कधी शिकवलाच नसावा.

सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली. पापण्या लवत नाहीत. बघून राहिलेत नुसते.

माझे पाय आता माझे आहेत. मी शब्द उच्चारला तेव्हापासून. ओढणीची गरज नाही.

घागरीने पाणी नेलं. सिद्धम्मांच्या ओठांना लावलं. गिळत नाहीत. हनुवटीवरून गळ्यातल्या लिंगावर, पदरावर. सिद्धम्मा, मी मंजुश्री, तुम्ही माय म्हणता ती, एक घोट. नाही.

ओढून नेऊ पाहिलं एका पोराला. सावलीत ठेवला. पाय घासत परत ओळीत.

२९ मार्च

ऊन. पहिल्या रांगेतली पोरगी पडली. कुणी वाकलं नाही. मी उचलली. अंग तापलेलं, मग नाही.

रात्रभर उभे होते. आजही—

एकच शब्द उरलाय ज्याने ते हलतात.

नाही. नाही म्हणणार.

ओळीचं तोंड बिलोलीच्या रस्त्याकडे आहे.

२९, नंतर

आणखी दोघे पडले. सिद्धम्मांचे गुडघे कापतायत. डोळे माझ्यावर. आशेने. खरंच आशेने, मी काही चुकीचं वाचत नाही—

तळ्याकाठी सावली आहे. मैदानाच्या पलीकडे, जवळच. तिथपर्यंत नेलं तर. पाण्यात पाय पडले तर कदाचित शुद्धीवर येतील. बांधावर मी आलेच की. मग लगेच आल्ट. शब्द माझ्याकडे आहे. कप्तानाला यांची पर्वा नव्हती, मला आहे. फरक आहे. मोठा फरक आहे.

मधे कुणी आलं तर? कोण येणार, सगळे तर ओळीत—

डोकं किती शांत आहे आज.

उभी राहिले. त्यांच्या माना वर झाल्या, एकदम. इतकी माणसं. माझ्याकडे कधी कुणी असं पाहिलं नव्हतं.

तळ्यापर्यंतच. एकदाच म्हणेन, त्यांच्याच भल्यासाठी, आणि त्यानंतर परत कधी