टाउन हॉलच्या वरची लायब्ररी

अंशुदादा,

काल फोनवर तू आईला सांगितलंस, "अगं, इथली लायब्ररी टाउन हॉलच्या वरच्या मजल्यावर आहे. दर रविवारी जातो." आई खूश झाली. माझा चहा मात्र हातातच राहिला.

तू इंग्लंडला गेलास, म्हणून गुरुग्रामच्या ऑफिसात तुझ्याच तिथल्या गावाच्या वेबसाइटचं काम मी हट्टाने मागून घेतलं. टाउन हॉल, लायब्ररी, अग्निशमन केंद्र, सगळ्याचा इतिहास मीच लिहिलाय, यार. लायब्ररी पहिल्यापासून नदीपलीकडे आहे. ती वरच्या मजल्यावर चुकून मी चढवली. परवाच तिथल्या एका बाईंनी मेल करून चूक दाखवली.

म्हणजे तू माझंच पान वाचून दाखवत होतास ना? मग रविवारी जातोस कुठे? तुझ्या फोनचा कॅमेरा कायम बिघडलेला कसा? आणि फोनवर तुझ्यामागे "मानेसर, मानेसर" असं ओरडणारा, आमच्या गुरुग्रामच्या बाजूचा ऑटोवाला इंग्लंडला कधी पोचला? हे पत्र तरी कुठल्या पत्त्यावर टाकू?

आईने शेजारच्या सरलाकाकूंना लगेच तुझ्या लायब्ररीचं कौतुक सांगितलं. म्हणून त्या बाईंना मी अजून उत्तर दिलेलं नाही. चूक दुरुस्त केली, तर तू राहणार कुठे?

तुझी,
हेमी