न धुतलेला डबा

नांदुरा,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मशीला,

आईचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

हे पत्र कलाबाई कासारणीच्या हाती देते आहे. बांगड्यांचा माल घ्यायला त्या इकडे आल्या होत्या, उद्या सकाळच्या बसने तुमच्या गावी, वरवट बकालला परत जातील. बांगड्या भरायच्या निमित्ताने तुझ्याकडे येतील आणि पत्र तुझ्याच हातात देतील. एकटी असताना वाच. वाचून झालं की जाळून टाक, ठेवू नकोस.

फोन असताना आईला पत्राचं काय सुचलं, असं वाटेल तुला. पण हल्ली फोनवर तू प्रत्येक वाक्याआधी थांबतेस. कुणाकडे तरी बघून मग बोलावं तशी. मागे टीव्ही चालू असतो, तोही मधेच बंद होतो. म्हणून कागद घेतला.

भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला पत्र लिहायला शिकवायच्या. आधी समोरच्याची खुशाली विचारावी, मग घरची बातमी द्यावी, काळजीचं काही असलंच तर शेवटी, आणि तेही थोडक्यात. पन्नास वर्षं मी तशीच पत्रं लिहिली. आजही तसंच लिहायचं ठरवून बसले आहे. अक्षर जरा हललंय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तू कशी आहेस?

आम्ही दोघं बरे आहोत. थंडी पडायला लागली. काल शनिवार, म्हणजे आमचा फिरायचा दिवस. तुझे बाबा निवृत्त झाल्यापासून हा नेम झाला आहे. स्टेशनच्या रस्त्यावर कचोरी, मग गुजरीत भाजी, मग कापसाच्या जिनिंगच्या भिंतीलगत जुन्या सामानाची दुकानं बसतात तिथे तासन् तास. घाई कसली नसते. बाबा किल्ली नसलेली कुलपं शोधतात. घरी आणतात, तेल घालतात आणि आठवडाभर खिळ्याने टोचत बसतात. मी जुन्या कपबश्या बघते. सिस्टरांच्या पार्लरमध्ये, पाहुण्यांच्या खोलीत, निळ्या काठाच्या होत्या ना, तशा. एक बशी मिळाली की कप नसतो. पण शोधण्यातच आमची सकाळ छान जाते. तुला लहानपणी खांद्यावर घेऊन बाबा याच रस्त्याने जायचे आणि तू प्रत्येक दुकानात "हे केवढ्याले?" विचारायचीस.

काल गुजरीत मेथी फार छान होती. वांगी घेतली. बाबा नको म्हणत असतानाही सीताफळं घेतली, कारण तुला आवडतात. घरी आल्यावर आठवलं की तू इथे नाहीस.

जुनी भांडी-कुलपं विकणाऱ्या भागवतच्या दुकानासमोर थांबलो तर तो बाबांना म्हणाला, "इंद्रभानजी, मागच्या शनिवारी कुलूप नेलं, उघडलं का नाई?"

"उघडलं असतं तं तुयं तोंड पाह्यले आलो असतो का बे?"

"मंग दुसरं न्या. हे त्याच्याहून हट्टी हाय."

"घरी एक हट्टी हाये माह्यी, पुरे झालं," असं म्हणून बाबा माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. आणि खाली बघितलं.

शिलू, आता मी सिस्टरांचा नियम मोडते. थोडक्यात मला लिहिता येणार नाही.

पोत्यावर भांड्यांच्या ढिगात पितळेचा मसाल्याचा डबा होता. झाकण बाजूला पडलेलं. मी सहज उचलला. झाकणावर नाव घातलेलं होतं, ते कुणीतरी चाकूने खरवडलेलं. पुढचं सगळं गेलं होतं, शेवटचं "आई-बाबांकडून" तेवढं राहिलं होतं. आई-बाबांकडून तर घरोघरच्या भांड्यांवर असतं. पण त्याच्या शेजारी एक फूल होतं. तुझ्या लग्नाच्या भांड्यांवर नावं घालताना मी त्या माणसाला फूल काढायला लावलं आणि तिसऱ्या पाकळीला त्याचा हात घसरला. तू म्हणाली होतीस, "राहू दे आई, माझं फूल ओळखू येईल."

ओळखू आलं.

मी डबा नाकाशी नेला, मसाल्याचा वास अजून ताजा होता. बेटा, भांडी विकावी लागतात. अडीनडीला मीही विकली आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मोडीत द्यायचं भांडं बाई चिंचेने घासते, कोरडं पुसते, मग देते. तुझ्या आजीने केलं, मी केलं, तूही तेच केलं असतंस. त्या डब्याच्या मधल्या वाटीत हळद होती. मधल्या वाटीत हळद ही आपल्या घरची रीत. तुझ्या सासरी मधे तिखट असतं म्हणून तू किती हसली होतीस! जिऱ्याच्या वाटीत जिरं होतं. एका वाटीत तुझा छोटा चमचासुद्धा होता.

म्हणजे तो डबा तू दिला नाहीस. तो चालत्या स्वयंपाकातून कुणीतरी उचलला. तेव्हा तू कुठे होतीस? ओट्याशी होतीस का? अडवलंस का? अडवलंस, तर मग काय झालं?

बाबा कुलूप बघत होते. मी भागवतला हळूच विचारलं, हे कुणी आणलं? तो म्हणाला, "संग्रामपूर-वरवटकडला माणूस व्हता, बाईसाहेब. मोटरसायकलवर आला. पोत्यात अजून लय भांडी. घाईत व्हता, नीट बोललाबी नाई." मग हसून म्हणाला, "घड्याळ उलटं बांधलं व्हतं, हाताच्या आतून. म्या म्हटलं, याले येळ लोकाईपासून लपवाचा हाय."

तुझे अश्वजित घड्याळ असंच बांधतात. लग्नात सगळ्या बायकांनी त्यावरून त्यांची थट्टा केली होती.

मी डबा परत पोत्यावर ठेवला. झाकण ठेवताना वाजलं, तशी मी चटकन बाबांकडे बघितलं. बाबांना कळू नये, एवढंच डोक्यात होतं. त्यांना कळलं तर ते तसेच तुझ्या दारात जाऊन उभे राहतील, ओरडतील, आणि ते परतल्यावर मागे तू एकटी त्या घरात. मला सगळ्यात जास्त भीती त्या 'मागे'ची वाटते. घरी येईपर्यंत मी सीताफळांबद्दलच बोलत राहिले. बाबा नुसते "हाव, हाव" म्हणत होते.

आज सकाळी दूध आणायला म्हणून निघाले आणि सरळ भागवतकडे गेले. तो दुकान मांडत होता. म्हणाला, "तो डबा? तो तं साहेब कालच सांजच्याले घेऊन गेले."

मी दूध न घेताच परतले. बाबा मागच्या अंगणात बाजेवर बसले होते, डबा मांडीवर. मला बघून त्यांनी तो लपवला नाही. मी त्यांच्या शेजारी बाजेवर बसले. मग मी म्हटलं, "द्या, घासून ठेवते."

"नको," ते म्हणाले. "धुऊ नोको. तिच्या हातची हळद हाये."

शिलू, चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही तिथे जाऊन ओरडाल. ते म्हणाले, "नाई ओरडत. मले भेव वाटून राह्यलं. भेलेला माणूस ओरडत नाई."

तर आता ठरलं ते सांगते. मंगळवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं येतो आहोत. कुणाला कळवलेलं नाही, तूही कळवू नकोस. डब्याचं नाव आम्ही काढणार नाही. अश्वजितना जाब विचारणार नाही. त्यांचीही काही अडचण असेल, आजार असेल, व्यसन असेल. ते नंतर बघू, माणसं बसवून बघू. आधी तू.

मी सगळ्यांसमोर तुला एकच विचारीन, "येतेस का?" तू हो म्हणालीस तर चपला घाल आणि नीघ. कपडे घेऊ नकोस, कागद शोधू नकोस, कुणाला समजावत बसू नकोस. नाही म्हणालीस तर आम्ही चहा पिऊ, निरोप घेऊ, आणि पुढच्या मंगळवारी परत येऊन हेच विचारू. त्याच्या पुढच्याही. लोक हसले तर हसू देत.

हे पत्र मिळाल्यावर मधे एक रात्र उरेल. ती कशी जाईल ते मला माहीत नाही. काही झालं, किंवा होईलसं नुसतं वाटलं, तरी कलाबाईंच्या घरी जा. दिवस-रात्र बघू नकोस. मी त्यांना सगळं सांगितलं आहे. लाज वाटली, तरी सांगितलं.

कुणी विचारलंच की आईने काय लिहिलं, तर सांग, बाजारात मेथी चांगली आली आहे.

खूप घाबरलेली, आणि तरीही मंगळवारी तुझ्या दारात उभी राहणारी,
तुझी आई