चित्र आता अडखळत नाही

६ जुलै, महाबळेश्वर

पोचले एकदाची! आईने सांगलीहून निघताना बॅगेत कोंबलेली भडंगाची पिशवी वाईच्या स्टँडवरच निम्मी संपली. पसरणीच्या घाटात एवढं धुकं होतं की ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून गाडी हाकत होता. मला मात्र मजा वाटत होती. पहिली नोकरी, तीही थंड हवेच्या ठिकाणी, राहणं-जेवण फुकट.

हॉटेल गावापासून लांब, अगदी दरीच्या काठावर आहे. पावसाळाभर बंद. खिडक्यांना बाहेरून पत्रे आणि प्लास्टिक ठोकलंय. इथे सगळेच आपापल्या इमारती अशा गुंडाळून ठेवतात म्हणे. त्यामुळे दिवसाही दिवे लावावे लागतात. मालक उदयसिंहदादा साताऱ्यात असतात. गेल्या पावसात मागच्या उताराला भेग पडली, तेव्हापासून त्यांनी जागोजागी कॅमेरे लावलेत. साताऱ्यात बसून ते सगळं बघतात, पण चित्र अडखळतं. ते नीट करायचं आणि पावसाळा संपेपर्यंत इथे राहून लक्ष ठेवायचं, हे माझं काम.

राखणीला नानासो आणि स्वयंपाकाला त्यांची बायको अंबूबाई. मूळचे आटपाडीकडचे, घराणं मेंढपाळाचं. मी नाना आणि मावशी म्हणायला लागलेसुद्धा. नानांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "आवं ताई, हितं पावसाळ्यात माकडंबी ऱ्हात न्हाईत. तुमी कशाला आलासा?"

७ जुलै

दुखणं सापडलं. कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. आत चांगलं दणकट ग्राफिक्स कार्ड आहे, पण ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरच, कुणी टाकलेला नाही. म्हणजे कार्ड घोरतंय आणि सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं उलगडायचं ओझं एकट्या प्रोसेसरवर. तो धापा टाकतो, चित्र मागे पडतं.

किती मागे? नाना जिना चढून माझ्यासमोर येऊन बसले, तरी पडद्यावर ते जिन्यातच होते. पोट धरून हसले. म्हणाले, "मी हितं बसलोय आन् माजं भूत आजून जिन्यावर हाय!"

८ जुलै

ड्रायव्हर टाकला. मशीन बंद करून चालू केलं, तर पडदा काळा आणि कोपऱ्यात एक कर्सर लुकलुकतोय. लिनक्सवर ग्राफिक्स कार्डाशी झटापट केलेल्या प्रत्येकाला हा काळा पडदा ठाऊक असतो. सिक्युअर बूट नावाचं सुरक्षेचं कुलूप आडवं येतंय, बाहेरचा ड्रायव्हर आत शिरू देत नाही. माझा पडलेला चेहरा बघून मावशींनी मशीनवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. यंत्राला दृष्ट लागली म्हणे.

१० जुलै

झालं!! सिक्युअर बूट बंद केला, लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जुळणारा ड्रायव्हर नव्याने बसवला, चित्रांचं ओझं कार्डावर टाकणारं हार्डवेअर ॲक्सलरेशन सुरू केलं. कार्ड जागं झालं आणि सगळी चित्रं पाण्यासारखी वाहायला लागली. फाटक, जिना, स्वयंपाकघर, मागचा उतार, त्याला लागून असलेली नानांची खोली. या कंट्रोल रूममध्येही एक कॅमेरा आहे, त्यात मी दात काढून हसताना दिसतेय. उदयसिंहदादांचा फोन आला. म्हणाले, "पोरी, नाव काढलंस!" मावशींनी शिरा केला.

११ जुलै

एक गंमत. पडद्यावर दूध उतू गेलं आणि मावशी टुणकन मागे उडी मारताना दिसल्या. चिडवायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. दूध आत्ताच गॅसवर ठेवलेलं होतं. मी काही बोलणार तेवढ्यात ते वर आलं, उतू गेलं, आणि मावशींनी तश्शीच उडी मारली.

माझंच काहीतरी चुकलं असणार. कॅमेऱ्यांची घड्याळं तपासते.

१२ जुलै

घड्याळं बरोबर आहेत. सगळी.

आज पडद्यावर मी स्वतःला खुर्चीतून उठून बाहेर जाताना पाहिलं. मी तर बसलेली होते. ठरवलं, उठायचंच नाही. दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले. तेवढ्यात मावशींनी किंचाळून हाक मारली. फडताळात साप होता. मी धावले. मग दारातच माझ्या लक्षात आलं, की मी उठलेय.

कार्डाचं काम बंद केलं. चित्र परत अडखळायला लागलं, मागे पडलं, पण खरं. चालू केलं, पुन्हा पुढे धावायला लागलं. कितीदा तरी करून बघितलं. कार्ड चालू, पुढचं दिसतं. कार्ड बंद, मागचं दिसतं. आत्ताचं कुठेच दिसत नाही. साताऱ्याला चित्र पोचवणारी लाइन पावसाने कालपासून बंद, म्हणून उदयसिंहदादांना यातलं काही दिसत नाही.

आणि ते दर दिवशी आणखी पुढे जातंय. काल दूध उतू जाण्याएवढं होतं. आज त्याच्या कितीतरी पट.

हे सगळं हाताने लिहितेय, कारण वहीतलं तरी मागेपुढे होत नाही.

१४ जुलै

जिन्याच्या कॅमेऱ्यात नाना थांबले, मान वळवून वर बघितलं, आणि शेवाळावरून पाय सटकून खाली गेले.

मी बाहेर पळाले. नाना पायऱ्यांवर धडधाकट उभे होते, खाली उतरत होते. मी जीव खाऊन ओरडले, "नाना, थांबा!" ते थांबले. मान वळवून वर बघितलं. आणि—

चित्राला आवाज नाही. ते कशामुळे वळले, ते मला त्यात ऐकूच आलं नव्हतं.

पाय टम्म सुजलाय, टेकवत नाही. त्यात खालच्या वळणावर झाड आणि माती आलीय, रस्ता बंद. उदयसिंहदादा म्हणाले, रस्ता मोकळा झाला की लगेच गाडी पाठवतो. मावशी संध्याकाळपासून त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसल्यात. मला म्हणाल्या, तू हाक मारलीस म्हणून बरं, न्हाईतर कळलंबी नसतं कुणाला. मला तोंड वर करता येईना.

१५ जुलै

आज दोघांना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. मावशींनी एवढंच विचारलं, "मग गाडी कवा येती, त्ये तर बग की."

बघितलं. फाटकाच्या चित्रात दिवस भराभर पळाला, उजेड आला, गेला. पाऊस, पाऊस, पाऊस. गाडी येत नाही.

मी म्हटलं, येईल दुपारपर्यंत. मावशी बघत राहिल्या माझ्याकडे.

१६ जुलै

नानांची खोली नाही.

पडद्यावर त्या जागी तांबडा चिखल आहे. वर पत्र्याचा एक कोपरा. बाकी काही नाही. धावत बाहेर जाऊन बघितलं, तर खोली तिथेच आहे. दोरीवर मावशींचं लुगडंसुद्धा.

दोघांना तिथून हलवून वर आणलं. नाना तयार नव्हते. म्हणाले, या खोलीत लय पावसाळं काढलं. शेवटी मावशी रडायला लागल्या तेव्हा उठले. माझ्या खांद्यावर त्यांचा सगळा भार होता. आता पुढच्या हॉलमध्ये सतरंजीवर आहेत; अशा पायाने गावापर्यंत चालणं आज जमणार नाही.

परत येऊन सगळी चित्रं बघितली, फक्त या कंट्रोल रूमचं काळं होतं. फाटकाच्या चित्रात दोघं जाताना दिसतात. नाना काठी टेकत, दुसरा हात मावशींच्या गळ्यात. दोघं फाटकाबाहेर पडतात, गावाकडच्या बाजूला वळतात. वाचतात. देवा, वाचतात!

मी त्यांच्या मागे असेन. मी वाट बघत बसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पापणी हलवली नाही. फाटक रिकामं. नुसता पाऊस.

मी येत नाही.

१७ जुलै, सकाळ

गेली. खोली गेली. आवाज असा, की कानांत नाही, पोटात आला. तांबडा चिखल, पत्र्याचा कोपरा. तस्सं.

फोन लागत नाही. सांगलीला आई—

नाही. डोकं शांत ठेवायचं. चित्र खोटं पाडायचं. मी मागे राहायचंच नाही. मीच पुढे चालणार, मावशींचा हात धरून. फाटकातून पहिलं पाऊल माझं. मग बघू काय करतंय ते कार्ड.

मावशी नानांच्या पायाला फडकी बांधतायत. तेवढ्यात कार्ड उपटून फेकणार. मागून कुणी येऊन हे बघत बसायला नको. वही बरोबरच आहे. एका धावेत जाऊन येते.

१७

दार अडकलंय.

आत आले आणि जमीन हलली. एकदाच. चौकट वाकडी झाली. लाथा मारल्या, खांद्याने ढकललं. खिडकीवर बाहेरून पत्रा. पत्रा वाजतो पण हलत नाही.

कार्डाला हात लावला नाही अजून. सुचलंच नाही. बॅटरीवर चालू आहे सगळं.

बाहेर नाना. पहार घालतायत फटीत. सुजलेल्या पायावर उभे राहून. मावशी हाका मारतायत. भिंतीत कर्र कर्र होतंय—

सांगितलं त्यांना, जा. नाना म्हणाले, "तुला टाकून जाऊ व्हय गं? मानसं हाय आमी!" मी खोटं बोलले. म्हटलं, खिडकी सुटलीय, मी तिकडून उतरते, फाटकाशी भेटू. शपथ घातली. मावशींनी विचारलं, खरं का गं? खरं, म्हटलं. आवाज हलू दिला नाही.

गेले. काठीचा आवाज लांब गेला.

मी फाटकाकडे बघत नाही. काय दिसणार ते माहीत आहे. ते वाचतात. ते पक्कं आहे. एवढं तरी पक्कं—

या खोलीचं चित्र आलंय. खुर्ची रिकामी. वही टेबलावर. दार उघडं आहे! सताड उघडं! म्हणजे मी सुटते— मी बाहेर—

दारापलीकडे पॅसेज नाही. जिना नाही. भिंत नाही. नुसतं पांढरं. धुकं. खाली—

बिजागरी वाजली

आपोआप उघडतंय. फटीतून गार वारा

आई मी खुर्ची धरून बसलेय घट्ट उठणार नाही उठणार ना