पेटीतला पंखा

३ फेब्रुवारी
आज कामावर गेले. शाळेच्या ऑफिसात सगळे हळू आवाजात बोलत होते. मीच आजारी असल्यासारखं. शिपाई म्हणाला, "बाई, आज बसून राहा नुसत्या." बसून राहिले.

घरी आल्यावर धाकट्या भावाची खोली उघडली. त्याच्या काचेच्या पेटीतला दिवा ठरल्या वेळी आपला आपण लागतो. आत त्याची ऑर्किडं. गरम, दमट जंगलातली, पण इतकी लहान की अख्खं झाड काडेपेटीत मावेल. फुलं मोहरीच्या दाण्याएवढी. फवारायची बाटली घेतली. किती फवारायचं माहीत नाही. काच ओली होईपर्यंत फवारलं.

५ फेब्रुवारी
सोबतीला राहिलेल्या मावशीला ती पेटी खुपते. "अगं, हे गवत काचेत कशाला कोंडलंय? देऊन टाक कुणाला तरी. माणूस गेला, आता त्याचा बाडबिस्तरा सांभाळत बसणार का तू?"
मी म्हटलं, बघू.
"तुझं बघू म्हणजे नाहीच!"

६ फेब्रुवारी
पाणी फवारलं. बाकी काही नाही.

९ फेब्रुवारी
रविवार. त्याच्या भिंतीवरचे फोटो पुसले. प्रत्येक फुलाचा फोटो ताटाएवढा. त्यात मोहरीचा दाणा वाघाच्या जबड्यासारखा दिसतो. शेवटचा खिळा रिकामा आहे. तो 'आळशी'साठी. त्याच्या मित्राने दिलेलं रोप. भिंग म्हणतात त्या मित्राला, गळ्यात कायम भिंग लटकवून फिरतात म्हणून. आळशी इतक्या वर्षांत एकदाही फुललं नाही. धाकटा रोज त्याला टोमणे मारायचा. "काय मग आळशी, उजाडलं का?"

फोटो काढायचा तेव्हा मला हाक. "ताई, ये गं!" माझी कामं ठरलेली. पेटीतला छोटा पंखा बंद करायचा, म्हणजे फूल हलत नाही. मागे काळं कापड धरायचं. आणि श्वास रोखायचा. मी म्हणायचे, एवढंसं फूल, आणि त्याच्यासाठी माझा जीव घुसमटवतोस! "हसू नकोस ताई, कापड हललं!" मग कॅमेऱ्याचं बटण दाबलं की म्हणायचा, "झालं. घे श्वास." मी निघून यायचे चहा टाकायला. मागचं सगळं तो आवरायचा.

आळशीचं फूल या खिळ्यावर लागलं पाहिजे. एवढं तरी मला जमावं.

१२ फेब्रुवारी
दोन रोपांची पानं पिवळी. पाणी कमी पडलं असेल. जास्त फवारलं.

१४ फेब्रुवारी
आणखी तीन. पानं काळी पडून देठापासून निसटतात. बोट लावलं की हातात येतात. पाणी जास्त झालं का? आज फवारलं नाही. संध्याकाळी राहवलं नाही, फवारलं.

आळशी अजून हिरवं आहे. वरून, दोन्ही बाजूंनी, सगळीकडून बघितलं. कळी नाही.

१७ फेब्रुवारी
मावशी तिच्या घरी परत गेली. जाताना दारात थांबली. "तू रडत का नाहीस गं? रडलीस तर मला जायला बरं वाटेल." मी तिची पिशवी उचलून दिली.
पेटीत कुजका वास येतोय.

१८ फेब्रुवारी
तो दातांच्या कवळ्या बनवायचा त्या कारखान्यातून एकजण त्याची हत्यारं देऊन गेला. चिमटे, बारीक ब्रश, दात बघायचा लांब दांड्याचा आरसा. "खुर्चीतच गेला हो. आम्हाला वाटलं, वाकून काम करतोय." हे त्याने मागेही सांगितलं होतं. त्यालाच सारखं सांगावंसं वाटत असेल. चहा दिला.

१९ फेब्रुवारी
भिंगांना फोन केला. मला असं कुणाला बोलवायला आवडत नाही. पण माझ्याच्याने होत नाही. रोज एक मरतंय.

२० फेब्रुवारी
भिंग आले. पेटी उघडली. मग हात आत घालून हवेतच धरून ठेवला.
"ताई, पंखा कधीपासून बंद आहे?"
मला प्रश्नच कळला नाही.
"या झाडांना वारा लागतो. पाण्यापेक्षा वारा. ओलं राहिलं की कुजतात. पंखा दिवसरात्र चालू असतो हा."

तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही फोटो काढला होता. पंखा मीच बंद केला. मग चहा टाकायला गेले. नंतर तो पंखा लावायचा, हे मला कधी दिसलंच नाही. त्या संध्याकाळी कारखान्यातून फोन आला म्हणून तो तसाच बाहेर पडला. उशिरा आला, जेवून झोपला.

भिंगांनी बटण दाबलं. बारीक घुर्र आवाज. त्याच्या खोलीतून येणारा तोच आवाज! इतके दिवस घरात काय कमी आहे ते कळत नव्हतं.

भिंग म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. त्याने सांगायला हवं होतं, गाढवाने." आणि चष्मा काढून पुसत बसले.

मग त्यांनी टेबलावरचा दातांचा आरसा उचलला, आळशीच्या पानाखाली सरकवला.
"ताई. हे बघा."
पानाच्या खालच्या बाजूला, पानाला चिकटून, एक फूल. तांबडं, कडेला पिवळं.
"याचं फूल खालीच येतं. तो रोज घरी आला की खिशातला हा आरसा घालून बघायचा. तुम्ही वरून बघत होतात का?"
वरून, बाजूंनी. खालून कधीच नाही.
"आता जगेल का हे?"
त्यांनी कुंडी हलकेच तिरकी केली. रोप तसंच डुगडुगलं. "मुळं राहिली नाहीत, ताई. मरताना फुलतात कधीकधी." दारात म्हणाले, "रविवारी येतो फोटोला. तोवर टिकलं तर."

२१ फेब्रुवारी
कामावर दोन पत्रं चुकीच्या पाकिटांत घातली. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी
फुलाची एक कड सुकली आहे. उद्यापर्यंत राहील असं वाटत नाही.

दुपारी कॅमेरा तो लावायचा तसा पेटीसमोर लावला. पंखा बंद केला. एका हातात काळं कापड, एका हातात आरसा. श्वास रोखला. बटण दाबायला हात उरला नाही.

जमेल तेवढा वेळ बघितलं.

मग श्वास घेतला. कापडाची घडी केली. पंखा चालू केला.