डोळ्यातला कीस

मंगळवार, सकाळ

चि. धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद. आम्ही ठीक. अक्षर मोठं आलंय म्हणून हसू नकोस, याहून बारीक मला दिसत नाही. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्या तोंडापेक्षा कमीच. दुकान उघडतो, पण किल्ल्या घासणं बंद आहे. गिऱ्हाइकाचं कुलूप ठेवून घेतो आणि सांगतो, भाऊ उद्या येणार आहे. दोन महिने हेच खोटं चाललंय. फोनही उचलत नाहीस. हा काय पोरखेळ?

इस्पितळाचा मला अजून संताप येतो. तुझ्या मूळपेशी मला घातल्या, रक्ताचा कर्करोग गेला, कबूल. पण डोळे चुरचुरतात म्हटलं तर रक्तवाले म्हणाले, ते डोळेवाल्यांना सांगा. डोळेवाला म्हणाला, आजोबा, वय झालं. अरे, वय काय एका महिन्यात होतं? सहा महिने त्याचे थेंब घातले. या खात्यातून त्या खात्यात कुणी एक चिठ्ठी पाठवली असती, तर हात झडले असते का?

शेवटी त्या नव्या डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. तू शेजारीच होतास. म्हणाल्या, "भावाच्या पेशींना तुमचं शरीर परकं वाटतंय. त्यांनी आसवांच्या ग्रंथी सुकवल्यात."

मी म्हटलं, "म्हणजे हा आतूनही भांडतोय होय!" तू हसलास. मग बाईंनी यंत्रातून पाहिलं. "हे ओरखडे कसले? डोळा कोणी खरवडला?"

आता ते लिहायलाच हवं. इतका वेळ टाळलं.

आपल्या धंद्यात डोळ्यात लोखंडाचा कीस जातोच. पापणी उलटायची, रुमालाचं टोक ओलं करायचं, अलगद टिपायचा. चाळीस वर्षं तू माझा काढलास, मी तुझा. डोळे टोचायला लागले तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. रोज तुझ्यापुढे मान वर करून बसायचो.

"दादा, आत काही नाही रे."

"आहे! नीट बघ. आंधळा आहेस का?"

"लाल झालाय डोळा. राहू दे ना."

"तुझ्यानं होत नसेल तर वहिनीला बोलावतो."

मग तू निमूटपणे रुमाल फिरवायचास.

आणि बाईंनी विचारल्यावर मी तुझ्याकडे बोट दाखवलं. "यानं." बस, एवढंच. त्या तुला वाट्टेल ते बोलल्या, भावाला आंधळं करायचंय का इथवर. तरी तू मला घरी आणलंस, हात धरून पायऱ्या चढवल्यास आणि गेलास. वर मीच वहिनीपुढे तणतणलो, याचा हातच जड म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा.

डोळा जाईल या भीतीनं मी अर्धा झालो होतो. ती भीती कुणाच्या तरी माथी मारायची होती, तू जवळ होतास.

आता माझंच रक्त काढून त्याचे थेंब करून देतात. दर तासाला घालतो, गार वाटतं. रक्त काढणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमचा रक्तगट आता भावाचाच आहे." मला तिथे बसवेना.

काल बाईंकडे गेलो आणि खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं, हात त्याचा होता, हट्ट माझा. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता? त्याला सांगा." उजवा डोळा राहील म्हणतात. डाव्याचं काही बोलत नाहीत.

मी चुकलो. दोन शब्दांसाठी चार पानं लागली. दुकानात ये अथवा येऊ नकोस, पण मला शिव्या द्यायला तरी एकदा फोन कर.

तुझ्यामुळे जिवंत असून तुझ्यावरच उलटलेला,
दादा