वर्षाचं पहिलं पाणी

ओदाते, १२ नोव्हेंबर

ती. शिझुएताईस, किहाचीचा सा. न. वि. वि.

तुमचा ट्रक गॅरेजात पोचला. पोचला म्हणजे ओढून आणला. दाजी म्हणत होते, जरा वाफ येते, एवढंच. इंजिनाचं हेड उघडलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. हेड आणि ब्लॉक एकमेकांवर बसतात ती जागा काचेसारखी सपाट हवी. इथे पाण्याच्या भोकांभोवती देवीचे व्रण असावेत तशी खाल्ली गेली आहे. असल्या जागेवर मधोमध कितीही नवी गॅस्केटं घातली तरी पाणी सिलिंडरात शिरणारच.

रेडिएटरमध्ये काय घालता, असं दाजींना विचारलं, तर म्हणाले, पाणी, दुसरं काय, सोया सॉस? खरं काय ते तूच कळव. इतका गंज साध्या पाण्याचा नाही.

लोभ आहेच, तो तरी गंजू देऊ नकोस.

किहाची


यूनोसावा, १८ नोव्हेंबर

चि. किहाचीस, अ. उ. आ.

तुझं पत्र ऐकून ह्यांनी नाक मुरडलं. म्हणाले, ज्याला घरची सायकल धड दुरुस्त करता येत नव्हती तो आता इंजिनाचा वैद्य झाला.

खरं सांगते. नववर्षाच्या पहाटे आमच्या सराईतल्या गरम पाण्याच्या कुंडातलं पहिलं पाणी देवाला जातं आणि दुसरा पळा ट्रकच्या रेडिएटरमध्ये. सासरे हाच पळा घोड्याला पाजायला जायचे. घोडा शहाणा होता, तोंड फिरवायचा. आमचं पाणी इतकं आंबट की न्हाणीघरातले नळ टिकत नाहीत. पण आमच्या पाण्याने कुणाचं वाईट होतं असं ह्या घरात बोलायचं नाही.

बर्फाने घाट बंद होण्याआधी ट्रक दे. तांदूळ आणि रॉकेल वर आलं नाही तर सराई बंद ठेवावी लागेल, आणि एकदा पाहुणे शेजाऱ्याकडे गेले की परत येत नाहीत. मला फार भीती वाटते आहे.

जेवणखाण वेळेवर कर.

तुझी ताई


ओदाते, ३ डिसेंबर

ती. ताईस, सा. न.

झालं. हेडचे खड्डे वेल्डिंगने भरले, मग मशीनवर सपाट केलं. ब्लॉक हाताने घासला. पोलादी पट्टी उभी धरली तर खालून उजेडसुद्धा दिसत नाही.

दाजी न्यायला आले ते स्टुलावर बसून चुका काढत राहिले. शेवटी गुडघे टेकून स्वतः पट्टीखाली बघितलं आणि म्हणाले, बरं आहे. लगेच विचारतात, आता नववर्षाला अर्धा पळा चालेल ना! काही माणसांना इंजिन देऊच नये, घोडाच द्यावा. पहाटे बॉनेटवर बसून राहा, पण त्यांना झाकण उघडू देऊ नकोस.

किहाची


यूनोसावा, २ जानेवारी

चि. किहाचीस, अ. आ.

घाट गाड्यांना बंद व्हायच्या आदल्या दिवशी तांदूळ आणि रॉकेल वर आलं. सराई भरली आहे.

काल पहाटे हे पळा घेऊन निघाले. भांडायच्या तयारीने मीही मागोमाग गेले. ह्यांनी ट्रकला नववर्षाचा पवित्र गवताचा दोर बांधला, रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवला, पण ते फिरवलं नाही. मग पळा उचलून स्वतःच पिऊन टाकला. जन्मभर पाहुण्यांना आग्रह केला, पण स्वतः कधी चाखलं नव्हतं.

दिवसभर पोट धरून निजले होते. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, इतकी वर्षं बिचारा ट्रक निमूट पीत होता.

तुझ्याबद्दल मात्र अजून वाईटच बोलतात. सणाचे तांदळाचे मोची-गोळे पाठवते आहे, ते त्यांनीच बांधून दिलेत हे मी सांगितलं असं कळू देऊ नकोस.

तुझी ताई